मांजराच्या वाळूच्या भांड्यास अस्तर असावें काय ?

संस्कृत भाषेंत मांजरास मार्जार म्हणतात. ‘मृज्’ म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें, या धातूपासून तो शब्द साधतात. संध्येंतील मार्जन हा शब्दही त्याच कुळांतला. दिवसाचे कित्येक तास आपलें अंग चाटून साफ करण्यांत घालविणाऱ्या प्राण्यास याहून समर्पक नांव सांपडणें कठीण. अशा प्राण्यास शहरांतील बंदिस्त घरांत ठेवावयाचें, म्हणजे एका स्वच्छताप्रिय जीवाचा दुसऱ्या स्वच्छताप्रिय जीवाशीं संसार मांडून देण्यासारखें आहे. दोघांच्या स्वच्छतेच्या कल्पना मात्र निराळ्या, आणि तंटे उद्भवतात ते तेथेंच. वाळूच्या भांड्यांत प्लास्टिकचें अस्तर घालावें कीं नाहीं, हा दिसावयास क्षुल्लक प्रश्न अशाच एका तंट्याचें मूळ होऊन बसतो, आणि त्या तंट्यांत हार बहुधा मांजराची होते.

वाड्यांचे दिवस होते तोंवर हा प्रश्न कोणास पडला नाहीं. परसांत मोकळी माती असे, बंबाची राख कोपऱ्यांत पडलेली असे, बांधकामाची वाळू दारांत असे. मांजर आपली जागा आपण शोधी, पुढच्या पंज्यानें खळगा करी आणि काम उरकल्यावर तो बुजवून निघून जाई. ज्याच्या वाळूच्या ढिगांत हें घडे तो दोन शब्द बोले, एवढेंच. आतां मुंबई-पुण्याकडे सातव्या-आठव्या मजल्यावर जन्म काढणाऱ्या मांजराच्या पायास माती कधींच लागत नाहीं. साऱ्या परसाची जागा एका घमेल्याएवढ्या भांड्यानें भरून काढावी लागते.

ही अडचण आधीं जाणवली ती थंड देशांत. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत कॅसोपोलिस नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें १९४७ च्या हिंवाळ्यांत एका गृहिणीचा वाळूचा ढीग गोठून गेला. मांजरासाठीं राख वापरावी तर काळीं पावलें घरभर उमटत. तिनें शेजारच्या एडवर्ड लो या तरुणाकडे थोडी वाळू मागितली. कारखान्यांत सांडलेलें तेल टिपून घेण्यासाठीं विकली जाणारी दाणेदार माती त्याच्यापाशीं होती. ही माती ‘फुलर्स अर्थ’ या जातीची, म्हणजे घरोघरीं तोंडास लावतात त्या मुलतानी मातीची बहीण. तीच त्यानें दिली. तिनें ओल शोषून घेतली, आणि पावलेंही उमटलीं नाहींत. लोनें मग ५-५ पौंडांच्या १० पिशव्या भरल्या, त्यांवर ‘किटी लिटर’ असें लिहिलें आणि ६५ सेंटांस एक या भावानें त्या दुकानांत ठेवावयास नेल्या. वाळू जेथें मातीमोल मिळते तेथें ही कोण घेणार, असा दुकानदाराचा आक्षेप पडला. तेव्हां त्यानें त्या फुकट वाटावयास सांगितल्या. फुकट नेणारे पुढें पैसे घेऊन आले, आणि एका मोठ्या धंद्याचा पाया पडला.

या मातींत एक उणीव होती. मूत्र शोषून घेऊन ती तशीच सुटी राही, ओल हळूहळू तळाशीं उतरे, आणि कांहीं दिवसांनीं सगळें भांडें रिकामें करून घासावें लागे. १९८० नंतरच्या दशकांत बेंटोनाइट नांवाच्या चिकणमातीचा उपयोग सुरू झाला. या मातीच्या कणांत पातळ पापुद्रे असतात. पाणी लागतांच तें पापुद्र्यांच्या मधें शिरून कण फुगतात, एकमेकांस चिकटतात आणि जेथें ओल झाली तेथेंच घट्ट गोळा बनतो. तेवढा गोळा जाळीच्या झाऱ्यानें उचलला कीं बाकीची वाळू कोरडीच राहते. (वाळू हा शब्द येथें सवयीनें आला, वस्तु माती आहे.) या मातीचे मोठे सांठे कच्छांत आणि राजस्थानांत बारमेरकडे आहेत. मातीच्या या दोन जातींतला भेद लक्षांत ठेवणें अवश्य आहे, कारण अस्तराचा निर्णय पुष्कळसा त्यावर अवलंबून आहे.

अस्तर म्हणजे भांड्याच्या आकाराची पातळ प्लास्टिकची पिशवी. ती भांड्यांत पसरावयाची, कडा कांठावरून बाहेर दुमडावयाच्या आणि वर वाळू ओतावयाची. कांहींना नाडीही असते. आठवड्यानें नाडी ओढली कीं सगळें गांठोडें बाहेर, आणि भांडें जसेंच्या तसें कोरडें. भांडें घासण्याचें काम ज्याच्या वांट्यास आलेलें आहे त्याला ही कल्पना किती गोड वाटत असेल, हें सांगावयास नको. कल्पनेंत दोष नाहीं. दोष एवढाच कीं, ती रचतांना भांडें वापरणाऱ्याचें मत कोणीं घेतलेलें नाहीं.

मांजर वाळूंत नुसतें बसत नाहीं, तें उकरतें. आफ्रिका व पश्चिम आशियांतील रुक्ष प्रदेशांतल्या रानमांजरापासून त्याची उत्पत्ति झाली, आणि मऊ, बारीक, सुट्या मातींत खळगा करून आपला माग बुजविण्याची त्याची प्रवृत्ति तेव्हांपासूनची आहे. वाळूचा थर दोन बोटें असला तर दोन-तीन झटक्यांत नखें तळाशीं पोंचतात, आणि तेथें मातीऐवजीं ताणलेलें प्लास्टिक लागतें. तें सळसळतें, पायाखालीं सरकतें, केव्हां नख त्यांत गुंतून बसतें. कित्येक मांजरांस त्याचें कांहींच वाटत नाहीं. परंतु एखादें बुजरें मांजर नख एकदां अडकलें कीं त्या भांड्याची धास्ती घेतें, आणि ती धास्ती सहजासहजीं जात नाहीं.

नखानें अस्तरास भोंक पडलें तर पुढें काय होतें, हें पाहण्यासारखें आहे. भोंक लहान असतें, वरून दिसत नाहीं. मूत्र त्यांतून खालीं झिरपतें आणि प्लास्टिक व भांडें यांच्या मधें सांचतें. तेथें शोषून घ्यावयास माती नाहीं, सुकवावयास वारा नाहीं. जंतु आपलें काम करूं लागतात, मूत्रांतील युरियाचा अमोनिआ होतो. शिवाय मांजराच्या मूत्रांत फेलिनाइन नांवाचें एक गंधकयुक्त द्रव्य असतें, खच्ची न केलेल्या बोक्याच्या मूत्रांत तर विशेष. तें विघटन पावलें म्हणजे जो दर्प सुटतो त्याची ओळख ज्यांस आहे त्यांस वर्णनाची गरज नाहीं. घरांतल्या मंडळींना वास येतो, वाळू तर वरून कोरडी दिसते, आणि दोष मांजरास दिला जातो. आठवड्याच्या शेवटीं तेंच गांठोडें उचलून लिफ्टपर्यंत न्यावें तों वाटेंत थेंब पडत जातात. भांडें घासणें टळावें म्हणून आणलेली वस्तु अशा रीतीनें भांड्याबरोबर जिनाही घासावयास लावते.

गोळे धरणारी माती वापरणाऱ्यांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे. गोळा उचलतांना झाऱ्याची कड तळावरून घासून न्यावी लागते. खालीं अस्तर असलें तर त्याच्या चुण्यांत गोळा अडकतो, फुटतो, आणि झारा स्वतःच प्लास्टिक फाडतो. थर दोन-तीन इंच ठेवला तर या मातींत ओल बहुधा तळाशीं पोंचतच नाहीं. ती मधेंच गोळा होऊन थांबते. म्हणजे जी घाण तळाशीं जाऊं नये म्हणून अस्तर घालावयाचें, ती मुळांत तेथें फारशी जात नाहीं. साध्या, न गोळे धरणाऱ्या मातींत सर्वच वाळू वरचेवर टाकावी लागते. तेथें अस्तराचा कांहीं तरी उपयोग आहे, असें म्हणतां येईल.

अस्तर न आवडलेलें मांजर तक्रार करीत नाहीं. तें भांड्याच्या कांठावर चारी पाय ठेवून कसरत करतें, खळगा न करतांच उरकतें, वाळू न उकरतां बाहेरची भिंत किंवा फरशी ओरबाडतें, पंजा झटकून धूम पळतें. हीं चिन्हें पुष्कळांना विनोदी वाटतात आणि त्यांचीं चित्रें मित्रमंडळींत फिरतात. पुढची पायरी विनोदी नसते. एके दिवशीं गादीवर, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर, न्हाणीघराच्या पायपुसण्यावर ओल सांपडते. म्हणजे जेथें पायाखालीं मऊ लागलें तेथें. मग मांजरास रागें भरणें, नाक घांसणें, कोंडून ठेवणें सुरू होतें. यांतल्या कोणत्याही उपायानें मांजरास भांडें प्रिय होत नाहीं. माणसाचें भय मात्र त्यास वाटूं लागतें. अमेरिकेंतील प्राण्यांच्या आश्रयगृहांत मांजरें आणून सोडण्याचीं जीं कारणें नोंदलेलीं आहेत त्यांत ‘घर घाण करतें’ हें प्रमुख कारणांपैकीं एक आहे. आपल्याकडे अशी नोंद होण्याचाही प्रसंग पुष्कळदां येत नाहीं. मांजर पिशवींत घालून मासळीबाजाराशीं सोडून येतात, आणि तें तेथें सुखानें राहील असें घरांतल्या मुलांना सांगतात. घरांत वाढलेलें मांजर तेथें सुखानें राहत नाहीं.

याहून मोठा धोका मांजराच्या नव्हे, माणसाच्या स्वभावांतून उत्पन्न होतो. आठवड्यानें सगळें एकदम टाकावयाचेंच आहे, तर रोज झारा कशाला, असें अस्तर वापरणाऱ्याच्या मनांत हळूहळू येऊं लागतें. वास्तविक भांडें दिवसांतून निदान एकदां पाहणें हीच या साऱ्या व्यवस्थेंतली महत्त्वाची गोष्ट होय. रोज किती गोळे, केवढे गोळे, विष्ठा घट्ट कीं पातळ, ही मांजराच्या प्रकृतीची रोजनिशी आहे, आणि मांजर दुसरी कोणतीही रोजनिशी ठेवीत नाहीं. म्हाताऱ्या मांजराचे गोळे एकाएकीं मोठे व संख्येनें अधिक होऊं लागले तर मूत्रपिंडांचा विकार किंवा मधुमेह असण्याचा संभव असतो. बोक्याच्या बाबतींत तर गोळा मुळींच न सांपडणें ही घाबरण्याची गोष्ट आहे. त्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती तुंबली तर तो वारंवार भांड्यांत जाऊन कुंथतो, कण्हतो, आणि कांहीं होत नाहीं. पुष्कळ लोक यास बद्धकोष्ठ समजून दूध किंवा तेल पाजीत बसतात. तेवढ्यांत विष अंगांत भिनतें आणि दोन-तीन दिवसांत, केव्हां त्याहूनही आधीं, प्राण जातो. पशुवैद्याकडे त्याच दिवशीं, रात्र असली तरी, नेणें हाच त्यावर उपाय. आठवड्याचें गांठोडें डोळे मिटून बांधणाऱ्याच्या हें ध्यानांत येण्यास फार उशीर होतो.

रोजच्या झाऱ्याचें दुसरें कारण माणसांच्या आरोग्याचें आहे. १९०८ सालीं ट्यूनिस येथें निकोल व मांसो या शास्त्रज्ञांस टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा सूक्ष्म जीव एका उंदरासारख्या प्राण्यांत आढळला. तो मांजराच्या आंतड्यांत वाढतो हें कळावयास १९७० च्या आसपासचा काळ उजाडला. गरोदर स्त्रीस त्याची प्रथमच बाधा झाल्यास गर्भास अपाय होऊं शकतो. आणि म्हणूनच, घरांत आनंदाची बातमी आली कीं वडीलधारीं माणसें पहिल्यानें मांजराकडे बोट दाखवितात. परंतु त्याचे बीजकोश विष्ठेबरोबर पडतात त्या क्षणीं बाधक नसतात. तसे होण्यास त्यांस १ ते ५ दिवस लागतात. शिवाय मांजर ते बहुधा आयुष्यांत एकदांच, कांहीं आठवडे, टाकतें. आणि घराबाहेर न जाणारें, शिजविलेलें अन्न खाणारें मांजर बाधित असण्याचा संभवच थोडा. कच्चें-अर्धकच्चें मांस आणि न धुतलेली भाजी यांपासूनचें भय कमी नाहीं. तेव्हां मांजर घालविण्याचें कारण नाहीं; भांड्याचें काम दुसऱ्या कोणीं रोजच्या रोज करावें, म्हणजे झालें. रोजच्या रोज हे शब्द येथें महत्त्वाचे आहेत. पांच दिवस सांठवून ठेवणारें अस्तर या बाबतींत कांहींच मदत करीत नाहीं.

एवढ्यावरून अस्तर सर्वथा त्याज्य आहे असें ठरत नाहीं. गुडघे धरलेले, कंबर वांकत नसलेलें वृद्ध जोडपें आणि त्यांचें एकुलतें एक मांजर, अशीं घरें शहरांत आतां पुष्कळ आहेत. भरलेलें भांडें उचलून मोरीपर्यंत नेणें त्यांच्या आवांक्याबाहेरचें असतें. अशा घरीं अस्तरामुळें भांडें स्वच्छ राहत असेल तर तें मांजराच्याही हिताचेंच होय, कारण अस्तरापेक्षां घाणेरडें भांडें मांजरास अधिक नापसंत असतें. नुसतें वरवर दोनदां हात फिरवून निघून जाणारीं आळशी मांजरेंही असतात. त्यांचें नख तळाशीं पोंचतच नाहीं. अमेरिकेंत मांजरांचीं नखें बोटांच्या अग्रास्थींसह कापून टाकण्याची चाल पुष्कळ वर्षें होती, आणि तशा मांजरांच्या घरीं अस्तर न फाटतां टिकत असल्यास नवल नाहीं. न्यूयॉर्क संस्थानानें २०१९ सालीं कायद्यानें ती शस्त्रक्रिया बंद केली, हें बरेंच झालें. प्लास्टिक टिकावें म्हणून बोटें तोडणें हा हिशेब कोणत्याही बाजूनें जुळत नाहीं.

आपल्या मांजराचें मत काय आहे, हें विचारण्याची एक सोपी रीत आहे. एकाच आकाराचीं दोन भांडीं घ्यावींत, दोहोंत एकाच जातीची वाळू सारख्याच खोलीची घालावी, एकांत अस्तर घालावें, दुसऱ्यांत घालूं नये, आणि दोन्हीं शेजारीं शेजारीं ठेवावींत. चार-पांच दिवसांनीं त्यांच्या जागा बदलाव्यात, नाहीं तर मांजर अस्तर पाहून निवड करतें कीं कोपरा पाहून, हें कळणार नाहीं. दहा दिवसांत गोळे मोजले म्हणजे निकाल हातीं येतो. दोन्हीं भांडीं सारखीं वापरलीं जात असतील तर अस्तर खुशाल घालावें. फक्त तें जाड असावें, चुण्या न पडतां तळास बसलेलें असावें, आणि थर नेहमींपेक्षां खोल असावा. प्लास्टिक चघळण्याची खोड असलेल्या मांजराच्या वाटेस मात्र तें मुळींच आणूं नये. गिळलेला तुकडा आंतड्यांत अडकतो.

अस्तर नको असें ठरलें तर भांडें घासणें आलें, आणि घासण्यांतही एक चूक आपल्याकडे सर्रास होते. फरशी पुसावयाचें फिनेल त्या भांड्यास वापरतात. डांबरापासून काढलेल्या काळ्या फिनेलांत फिनॉल जातीचीं द्रव्यें असतात, आणि तीं पचवून बाहेर टाकण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फारच थोडी असते. पायास लागलेलें फिनेल तें चाटून पोटांत घेतें, आणि माणसास निरुपद्रवी असलेल्या मात्रेनें आजारी पडतें. मूत्राच्या भांड्यांत ब्लीचिंगचें पाणी ओतणेंही बरें नव्हे. अमोनिआशीं संयोग होऊन घसा जाळणारा वायु निघतो. गरम पाणी, भांडीं घासावयाचा सौम्य साबण आणि ऊन एवढें पुरेसें आहे. गोळे धरणारी माती रोज निवडली जात असेल तर महिन्यांतून एक-दोनदां, साधी माती असेल तर दर आठवड्यास, असें घासणें घडावें. नखांनीं व झाऱ्यानें भांड्यास पडलेल्या चरांत कालांतरानें वास मुरतो. तेव्हां तें वर्षाकांठीं बदलावें. आकारानें तें मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट तरी असावें. दुकानांतलीं शोभेचीं भांडीं या मापास क्वचितच उतरतात. कपडे धुण्याचा पसरट टब उतरतो, आणि स्वस्तही पडतो.

साध्या मातीखालीं कांहीं तरी हवेंच असल्यास वर्तमानपत्राचे चार-पांच कागद घालावेत. ते सळसळत असले तरी ओल लागतांच मऊ पडतात, नख त्यांत गुंतत नाहीं, ओल खालीं सांचण्याऐवजीं त्यांतच मुरते. रोज ओले कागद बदलावे लागतात, ही त्यांची अडचण. आणि वरील विवेचन पाहतां तोच त्यांचा गुणही म्हणतां येईल. झाऱ्यानें काढलेले गोळेही अशाच कागदांत गुंडाळून कचऱ्यांत द्यावेत. ते संडासांत टाकल्यास बेंटोनाइट नळांत फुगून बसतें आणि खालच्या मजल्यावरील मंडळी वर येतात. महाराष्ट्रांत २०१८ सालीं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हांपासून या कामीं कागदाची आठवण पुष्कळांस पुन्हां झाली आहे, आणि ज्या घरीं सकाळचें वर्तमानपत्र अजून येतें तेथें तो विकत आणावा लागत नाहीं.